‘बोजॅक हॉर्समन’ला नुसतं कार्टून समजून सोडून देऊ नका

घोड्याचं तोंड असलेला, नव्वदच्या दशकातल्या एका मालिकेमुळे गाजलेला आणि आता दारूच्या आधाराने दिवस ढकलणारा नट. हॉलिवूडमधली ही गोष्ट राफेल बॉब-वॅक्सबर्ग यांनी 2014 मध्ये नेटफ्लिक्सवर आणली. माणसं आणि प्राणी शेजारीपाजारी राहणारं ते जग लिसा हॅनवॉल्ट यांनी रंगवलं. 2020 पर्यंत सहा सीझन झाले.

मला सगळ्यात हलवून गेला तो चौथ्या सीझनमधला अकरावा भाग, ‘टाइम्स ॲरो’. बोजॅकची आई बिॲट्रिस हिला स्मृतिभ्रंश झालाय आणि आपण तिच्याच आठवणींत शिरतो. तिथे कित्येकांना चेहराच नाही. घरच्या मोलकरणीचा चेहरा तर रेघोट्या मारून खोडून टाकलेला. विसरणं म्हणजे काय, हे इतकं थेट डोळ्यांसमोर आणणं ॲनिमेशनलाच जमतं! पाचव्या सीझनमधला ‘फ्री चुरो’ही त्याच ताकदीचा: जवळजवळ अख्खा भाग बोजॅक आईच्या शवपेटीशेजारी उभा राहून एकटाच बोलतो. आवाज विल आर्नेट यांचा.

सुरुवातीचे पाच-सहा भाग साधेच वाटतील, पण धीर धरा. व्यसन, मृत्यू, नैराश्य हे सगळं यात उघडंवाघडं येतं, तेव्हा मुलांना झोपवूनच लावा.