अक्षरं तुटतात ती युनिकोडमुळे नव्हे

परभणी जिल्ह्यात नऊ तालुके आहेत. त्यांची नावं युनिकोड फाँटमध्ये टाइप करून इनडिझाइन या पानजुळणीच्या सॉफ्टवेअरमध्ये इंग्रजीसाठी असलेल्या कंपोझरवर सोडून पाहा. परभणी, गंगाखेड, पालम, सोनपेठ, पाथरी, मानवत आणि सेलू ही सात नावं जवळपास ठीक दिसतात. बिघडतात ती जिंतूर आणि पूर्णा. जिंतूरची पहिली वेलांटी ‘ज’च्या उजवीकडे जाऊन पडते. पूर्णाचा रफार ‘ण’च्या डोक्यावर चढतच नाही, त्याच्या जागी पाय मोडलेला ‘र’ आधीच उभा राहतो. यावर डीटीपीच्या दुकानात एक ठरलेलं उत्तर मिळतं: ‘युनिकोड छपाईला चालत नाही, जुन्याच फाँटात करू.’

हा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. युनिकोडमध्ये अक्षरं उच्चाराच्या क्रमाने साठवलेली असतात, म्हणजे आधी ‘ज’, मग वेलांटी. पानावर वेलांटी अलीकडे आणणं, रफार पुढच्या अक्षरावर चढवणं, जोडाक्षर जुळवणं ही कामं सॉफ्टवेअर फाँटमधल्या नियमांनुसार करतं, पण त्याला तसं सांगावं लागतं. इनडिझाइनमध्ये पॅराग्राफ पॅनेलच्या मेनूत ‘अडोबी वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोझर’ निवडला की जिंतूर आणि पूर्णा जागच्या जागी दुरुस्त होतात. जुन्या फोटोशॉपमध्ये प्रेफरन्सेसच्या टाइप विभागात ‘मिडल ईस्टर्न अँड साउथ एशियन’ हा पर्याय असतो. कोरलड्रॉला ही समज २०१२च्या एक्स६ आवृत्तीपासून आली. पेजमेकरला ती कधीच आली नाही. त्याची शेवटची ७.० आवृत्ती २००१ची, आणि ‘चालत नाही’ हा समज बराचसा त्या काळातूनच आला आहे. तेव्हा ते खरंही होतं.

जुन्या फाँटमध्ये इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी आकार बसवलेले असतात. पडद्यावर मराठी दिसत असलं तरी फाइलमध्ये मराठी नसतंच. फाँट नसलेल्या संगणकावर तीच फाइल उघडली की इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची गिचमिड समोर येते. त्या मजकुरात ‘गंगाखेड’ शोधलं तर सापडत नाही. गावोगावच्या स्मरणिका, वार्षिक अंक अशा फाइलींमध्ये अडकून पडलेत, याचं मला फार वाईट वाटतं.

कॅरेक्टर पॅनेलमधली भाषेची यादी फक्त शुद्धलेखन तपासण्यासाठी असते, असंही बरेच जण समजतात, पण अक्षराचं रूपही तीच ठरवते. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९च्या निर्णयाने मराठीसाठी पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ ठरवून दिला. अनेक फाँटमध्ये मराठी आणि हिंदी अशी दोन्ही रूपं असतात, पण भाषा ‘मराठी’ केल्याशिवाय मराठी रूपं पुढे येत नाहीत. टिरो देवनागरी मराठी या मोफत फाँटमध्ये ती मूळचीच आहेत.

‘शेतकऱ्यांना’ हा शब्द मात्र टाइप करतानाच जपावा लागतो. १९७२ सालापासून कृषी विद्यापीठ असलेल्या परभणीत तो रोज कुठे ना कुठे छापला जात असेल. साध्या ‘र’ला हलन्त देऊन ‘य’ जोडला तर रफार येतो आणि ‘शेतकर्यांना’ असं चुकीचं छापलं जातं. त्यासाठी कीबोर्डवरचा नुक्त्याचा ‘ऱ’ वापरावा लागतो. ही चूक कोणतंही सेटिंग सुधारत नाही.

आता ठळक अक्षरांबद्दल. अक्षर जाड करायचं म्हणून बाहेरून आउटलाइन देण्याची फ्लेक्सवाल्यांची सवय आहे. देवनागरीत ‘भ’ आणि ‘ध’ यांच्या शिरोरेखेला फट असते आणि ओळख बरीचशी तिच्यावरच ठरते. आउटलाइन जाड झाली की ती फट बुजते, ‘भ’ची गाठही भरून जाते आणि लांबून ‘परभणी’ हे ‘परमणी’ वाचलं जातं. जिल्ह्याचंच नाव! फाँटचं खरं बोल्ड वजन वापरलं तर आकार जाड होतो आणि फटही राखली जाते. मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचा ‘मुक्त’ हा मोफत फाँट अनेक वजनांत मिळतो.

मथळा ऐसपैस दिसावा म्हणून ट्रॅकिंग, म्हणजे अक्षरांमधलं अंतर, वाढवतात. इंग्रजीला ते शोभतं, पण आपल्याकडे शिरोरेखेचे तुकडे होतात. जागा भरायचीच असेल तर शब्दांमधलं अंतर वाढवावं किंवा अक्षराचा आकार मोठा करावा. लीडिंगचं, म्हणजे ओळींमधल्या अंतराचंही तसंच आहे. अडोबीचं ऑटो लीडिंग आकाराच्या १२० टक्के असतं. वर मात्रा, खाली उकार असलेल्या ओळी त्यात एकमेकींना भिडतात. मी साधारण १४०पासून सुरुवात करतो.

परभणीच्या फेब्रुवारीतल्या उरुसाच्या दिवसांत मराठी-उर्दू असे दुहेरी फलक करायचे असतील, तर तोच वर्ल्ड-रेडी कंपोझर उर्दूलाही लागतो. फक्त परिच्छेदाची दिशा उजवीकडून डावीकडे करावी लागते.

राहिला ‘कर्व्ह करून पाठवा’ हा आग्रह. कर्व्ह केलं की अक्षरांची चित्रं होतात. मग छापखान्यात काही सरकत नाही, पण लग्नपत्रिकेतला मुहूर्त बदलला तर मजकूर दुरुस्तही करता येत नाही. फाँट एम्बेड केलेली पीडीएफ बहुतेक छापखान्यांना पुरते. आणि कर्व्ह करायचंच असेल तर ते वेगळ्या प्रतीवर करावं, मूळ फाइल टाइप केलेल्या मजकुरासकट ठेवावी.