परांचीवरचे जीव

पावसाळा ओसरला की गोव्यातील शहरांत इमारतींच्या रंगरंगोटीला प्रारंभ होतो. शेवाळलेल्या भिंती खरवडण्यासाठी बांबूची परांची उभी राहते आणि कमरेला दोर न बांधताच मजूर तीवर चढतो. सुमारे १० मीटरांवरून, म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून, पडलेला माणूस दीड सेकंदाच्या आत ताशी ५० किलोमीटर वेगाने जमिनीवर आदळतो. सावरण्यास अवसर तो कोठला?

अशा अपघातास दैवाचा घाला म्हणणे सोयीचे असले, तरी न्याय्य नव्हे. १९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने दुरुस्ती व देखभालही बांधकामातच गणली; मात्र तो दहा वा अधिक कामगारांच्या आस्थापनांनाच लागू होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सुरक्षाविषयक श्रमसंहितेनेही ही दहाची अट राखली. छोट्या ठेकेदाराची टोळी बहुधा चार-पाच जणांची. ती या फटीतून निसटते.

म्हणून गृहनिर्माण संस्थांनीच पुढाकार घ्यावा. सुरक्षापट्टा, वरून बांधलेला स्वतंत्र दोर व परांचीस कठडा या अटी करारपत्रात घालाव्यात आणि त्यांचा खर्च दरात धरावा. सर्वांत स्वस्त निविदा स्वीकारताना, ती कशामुळे स्वस्त झाली, एवढे तरी सभासदांनी विचारावे.