रात्री बंद होणारा एसी

जपणूक : लेखांक सातवा

पुण्याची हवा चांगली, असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं आणि पेन्शनरांनी ते मनावरही घेतलं. कागद, कॅनव्हास आणि लाकूड यांना विचारलं असतं तर त्यांनी मत वेगळं दिलं असतं. एप्रिलमधल्या दुपारी पुण्यातली सापेक्ष आर्द्रता पंचवीस टक्क्यांच्या आसपास उतरते. ऑगस्टमधल्या सकाळी तीच पंच्याऐंशीच्या घरात असते. मुंबईची हवा वर्षभर दमट, बुरशीला पोषक, हे खरंच. पण ती इतकी खालीवर होत नाही. पुण्यातल्या चित्राला तीन-चार महिन्यांच्या अंतराने वाळवंटही सोसावं लागतं आणि कोकणही.

मागच्या दोन लेखांकांत कसर आणि वाळवीबद्दल लिहिलं. त्या शत्रूंना निदान पाय असतात, ते दिसतात. आजचे दोन दिसत नाहीत : दालनातली हवा आणि दालनातला उजेड.

सापेक्ष आर्द्रता म्हणजे हवेत किती बाष्प आहे एवढंच नव्हे. त्या तापमानाला हवा जेवढं बाष्प धरू शकते, त्याच्या किती टक्के बाष्प तिच्यात आहे, हा तिचा हिशेब. हवा तापली की तिची धरण्याची ताकद वाढते, निवली की कमी होते. त्यामुळे बाष्पाचा एक थेंबही न वाढवता टक्केवारी बदलता येते. एप्रिलमधली ३५ अंशांची, पंचवीस टक्के आर्द्रतेची हवा बंद खोलीत २२ अंशांपर्यंत गार केली, तर तीच हवा पन्नास टक्क्यांवर जाते. उन्हाळ्यात हे आपल्या पथ्यावर पडतं. पावसाळ्यात काय होतं ते पुढे पाहू.

श्रावणात वाड्याचं दार फुगून चौकटीत बसेनासं होतं आणि वैशाखात त्याच्याच फटींतून उजेड दिसतो, हे पुणेकराला शिकवायला नको. चित्राचंही तेच होतं, फक्त चित्र एका पदार्थाचं नसतं. तैलचित्रात लाकडी चौकट, त्यावर ताणलेलं कापड, कापडाला दिलेली सरसाची खळ, वर अस्तराचा थर, त्यावर रंग आणि शेवटी वार्निश. दमट हवेत सरस फुगतो आणि मऊ पडतो, कोरड्या हवेत आक्रसून ताठ होतो. जुना तैलरंग मात्र इतका कडक झालेला असतो की खालचा थर हलला तरी त्याला सोबत हलता येत नाही. मग तो तडकतो, त्याच्या कडा उचलल्या जातात आणि एखाद्या दिवशी खपली पडते. राजा दिनकर केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी एकाच छताखाली हस्तिदंत, चामड्याच्या बाहुल्या, तंतुवाद्यं, काचचित्रं आणि पितळी दिवे असतात, तेव्हा अडचण आणखी वाढते. पितळेला कोरडी हवा बरी वाटते, पण तीच हस्तिदंताला चिरा पाडते. सर्वांना सारखीच मानवेल अशी हवा नसते. सर्वांना कमीत कमी त्रास देईल अशी हवा शोधायची आणि ती स्थिर ठेवायची, एवढंच हाती असतं.

या स्थिरतेची किंमत जगाला कळली ती युद्धामुळे. बॉम्बहल्ल्यांपासून वाचवण्यासाठी लंडनच्या नॅशनल गॅलरीतली चित्रं १९४१ मध्ये वेल्समधल्या मॅनॉड इथल्या पाटीच्या दगडाच्या खाणीत नेली. डोंगराच्या पोटात विटांच्या खोल्या बांधल्या आणि आतली हवा किंचित तापवून सुमारे १७ अंश तापमान व ४२ टक्के आर्द्रता कायम राखली. लंडनमध्ये सतत कुठे ना कुठे रंगाची खपली उचललेली सापडायची आणि ती चिकटवत बसावं लागायचं; खाणीत ते काम जवळजवळ थांबलं. युद्ध संपून चित्रं लंडनच्या भिंतींवर परतली आणि खपल्याही परतल्या. गॅलरीने वातानुकूलन बसवायला घेतलं त्यामागे हा अनुभव होता. ४२ हा आकडा काही आदर्श नव्हता. तो वर्षानुवर्षं हलला नाही, हे महत्त्वाचं.

नंतर जगभर पन्नास-पंचावन्न टक्क्यांचा आकडा जवळपास धर्मवाक्य होऊन बसला. युरोपच्या हवामानातून निघालेला तो आकडा उष्ण देशांतल्या संग्रहालयांनीही भिंतीवर लावला आणि विजेची बिलं भरत राहिली. अलीकडे मोठ्या संग्रहालयांच्या संचालकांच्या बिझो गटाने बहुतेक वस्तूंसाठी ४० ते ६० टक्के आर्द्रता आणि १६ ते २५ अंश तापमान अशी सैल चौकट मान्य केली. अट एक : चोवीस तासांत चढउतार दहा टक्क्यांपलीकडे नको. माझ्या मते पुण्यासाठी त्या सैल चौकटीपेक्षा ही अट मोलाची आहे.

कारण आपल्याकडे वातानुकूलन बहुधा माणसांच्या वेळापत्रकाने चालतं. सकाळी दहाला सुरू, संध्याकाळी सहाला बंद, रविवारी सुट्टी. ऑगस्टमधला हिशेब मांडून पाहा. बाहेर २६ अंश आणि पंच्याऐंशी टक्के. एसी चालू असतो तेव्हा तो थंड नळ्यांवर बाष्प साचवून पाणी बाहेर टाकतो, म्हणून दालन २२ अंशांवर कोरडंही राहतं. संध्याकाळी तो बंद होतो. भिंती, काचा, चित्रं अजून गारच असतात आणि दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची हवा आत शिरते. तिच्या दर घनमीटरमध्ये सुमारे वीस ग्रॅम बाष्प असतं. २२ अंशांच्या हवेची धरण्याची ताकद एकोणीस ग्रॅमच्या जरा वर. म्हणजे ती हवा गार काचेला टेकली की दव पडणार. काचेला कागद चिकटून बसवलेला असेल, तर तो तिथेच भिजणार. सत्तर टक्क्यांच्या वर हवा टिकून राहिली की बुरशीचे बीजाणू जागे होतात, आणि इथे त्यांना रोज रात्रीची मेजवानी मिळते. असा अर्धवेळ एसी चालवण्यापेक्षा तो मुळीच नसलेला बरा. निधी जेमतेम असेल, तर त्या पैशांत गळकं छप्पर दुरुस्त करावं आणि पावसाळ्यात एक साधं बाष्पशोषक यंत्र चोवीस तास चालू ठेवावं.

जुन्या पुण्याने हे यंत्राशिवाय बऱ्यापैकी साधलं होतं. जाड भिंती दुपारची उष्णता लगेच आत येऊ देत नाहीत. माती-चुन्याचा गिलावा आणि लाकडी पेटी दमट दिवसांत बाष्प शोषतात आणि कोरड्या दिवसांत ते परत देतात. पेशवे दफ्तर पाहा. पुणे पुरालेखागाराच्या १८९१ सालच्या दगडी इमारतीत सुमारे चार कोटी कागद आहेत, त्यांतले कितीतरी रुमालात बांधलेले. घट्ट बांधलेल्या गठ्ठ्यात बाहेरची पानं आतल्या पानांसाठी ढाल होतात. बाहेर हवा पालटली तरी मधल्या कागदाला ते कळायला वेळ लागतो. शिवाय उजेड नाही, धूळही कमी. मात्र रुमाल बांधण्याआधीच कागद ओलसर असेल, तर हीच व्यवस्था ओल आत कोंडून ठेवते. म्हणून जुने लोक पावसाळा सरल्यावर पोथ्यांना हवा देत असत, आणि तीही सावलीत.

भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातली शारदा लिपीतली भूर्जपत्रं आणखी कठीण परीक्षा देत आहेत. संस्कृतचे अभ्यासक गेओर्ग ब्यूलर यांनी १८७५ च्या काश्मीर दौऱ्यात असे ग्रंथ मिळवले. ते ग्रंथ आधी डेक्कन कॉलेजात होते, तिथून भांडारकर संस्थेत आले. २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक स्मृती नोंदवहीत गेलेल्या ऋग्वेदाच्या तीस हस्तलिखितांत एक भूर्जपत्रावरचं आहे. भूर्ज म्हणजे झाडाची साल, एकावर एक पातळ पापुद्रे. सालीतल्या नैसर्गिक चिकटीने ते धरून राहतात. चिकटी वाळली की सुटू लागतात, आणि अक्षरं पापुद्र्यावर असतात.

हवेचं नुकसान निदान लांबवता येतं, उचललेली खपली पुन्हा बसवता येते. उजेडाने उडालेला रंग कोणीही परत आणू शकत नाही. उजेडाचा हिशेब साठत जातो : किती प्रखर, गुणिले किती तास. एक मेणबत्ती मीटरभर अंतरावर देते तेवढा उजेड म्हणजे एक लक्स. जलरंग, हस्तलिखितं, रंगीत कापड यांना पन्नास लक्सपर्यंतच उजेड द्यावा असा प्रघात आहे. रोज आठ तास, वर्षाचे तीनशे दिवस धरले, तर एक लाख वीस हजार लक्स-तास होतात. आता पश्चिमेच्या खिडकीतून पन्नास हजार लक्सची तिरीप चित्रावर पडू द्या. तेवढाच उजेड अडीच तासांत पोहोचतो. म्हणजे वर्षाचं आयुष्य एका दुपारीत.

एडिंबरातल्या नॅशनल गॅलरीला १९०० मध्ये संग्राहक हेन्री व्हॉन यांच्या मृत्युपत्राने चित्रकार टर्नरची जलरंगचित्रं मिळाली, ती एका अटीवर : दाखवायची ती फक्त जानेवारीत, कारण तेव्हा तिथला उजेड सर्वांत मंद असतो. ती प्रथा आजही चालू आहे. पुण्यात असं मृत्युपत्र करायचं तर जानेवारी चालणार नाही, आपलं तेव्हाचं ऊन लख्ख. आषाढ निवडावा, तर ओल आडवी येते.

पण तोच विचार आपल्याकडे मृत्युपत्राविना पाळला गेला. कुडाळजवळच्या पिंगुळीचे ठाकर चित्रकथी आपली चित्रं पोथीच्या रूपात बांधून ठेवत आणि रात्री देवळात, दिव्याच्या उजेडात एकेक उचलून कथा सांगत. अशा चित्रांतले रंग ताजे दिसतात त्याचं श्रेय रंगाइतकंच अंधाराला जातं. रंगांचे स्वभावही वेगवेगळे असतात. गेरू आणि काजळी उजेडाला दाद देत नाहीत. मोडी पत्रांची शाई अजून काळी आहे ती काजळीमुळे. हरताळ पांढुरका पडतो, हिंगूळ उलट काळवंडतो. लाखेचा तांबडा आणि फुलापानांचे पिवळे सर्वांत आधी जातात. जंगाल हा तांब्याचा हिरवा उजेडापेक्षा ओलीने बिघडतो आणि खालचा कागदच तपकिरी करून खातो. त्यामुळे एखाद्या लघुचित्रात झाडांच्या जागी भोक दिसलं, तर दोष उंदराचा असेलच असं नाही.

पुण्यातल्या घरांत अजूनही चित्रशाळा छापखान्याची चित्रं निघतात. विष्णुशास्त्री चिपळूणकरांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये निघालेल्या या छापखान्याने देवादिकांची आणि पेशवाईतल्या मंडळींची चित्रं घरोघरी पोहोचवली. ती संग्रहालयात नसतात, दिवाणखान्यात असतात. जपायची ती आपणच. पश्चिमेच्या आणि बाहेरच्या भिंतीवर ती लावू नयेत. लावलीच, तर चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवून भिंतीपासून बोटभर अंतर ठेवावं, म्हणजे मागून हवा खेळते. काच आणि चित्र यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची कड हवी. चित्रावर रोखलेला दिवा पाहुणे आले की लावावा, ते गेले की मालवावा. आणि मूळ चित्र फार मोलाचं असेल, तर त्याची चांगली छापील प्रत भिंतीवर टांगून मूळ कपाटात सपाट ठेवावं. यात कमीपणा नाही. मोठी संग्रहालयंही नाजूक कागद काही महिने दाखवून बराच काळ अंधारात ठेवतात.

एक आर्द्रतामापक मात्र घ्यावा. काही शेकड्यांत मिळतो. तो चित्राशेजारी ठेवून जूनपासून दिवाळीपर्यंत सकाळ-संध्याकाळ आकडे वहीत उतरवावेत. दिवाणखान्याच्या कुठल्या भिंतीवर काय लावायचं, याचा निर्णय त्या वहीवरून करता येईल. पुढच्या लेखांकात चौकट, काच आणि मागचा पुठ्ठा, म्हणजे फ्रेमवाल्याकडे जाताना काय मागावं आणि काय नाकारावं.