विश्लेषण : मुंबईत आंदोलनासाठी आझाद मैदानच का? परवानगीचे नियम काय, नागरिकांचा हक्क किती?

गिरगाव चौपाटीवरील लोकमान्य टिळकांच्या पुतळ्यापासून ऑगस्ट क्रांती मैदान पायी फार लांब नाही. दरवर्षी ९ ऑगस्टला ‘भारत छोडो’ आंदोलनाच्या स्मरणार्थ याच वाटेने शांततेत फेरी निघते. २०२३ मध्ये या फेरीसाठी घरून निघालेले महात्मा गांधींचे पणतू तुषार गांधी यांना पोलिसांनी सांताक्रूझमध्येच ताब्यात घेतले आणि नंतर सोडून दिले. या फेरीशी वर्षानुवर्षे जोडलेले स्वातंत्र्यसैनिक डॉ. जी. जी. पारीख तेव्हा ९८ वर्षांचे होते. त्यांनाही घराबाहेर पडू दिले गेले नाही, असे आयोजकांनी सांगितले.

दोन वर्षांनी, ऑगस्ट २०२५ च्या अखेरीस, मनोज जरांगे-पाटील यांच्या उपोषणासाठी हजारो मराठा आंदोलक मुंबईत आले. पाच हजारांची मर्यादा कधीच ओलांडली गेली आणि आझाद मैदान ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हा परिसर काही दिवस ठप्प झाला. एकीकडे मूठभर माणसांची फेरी, दुसरीकडे शहर अडवणारी गर्दी. दोन्ही वेळी प्रश्न एकच होता. लोकशाहीत निषेध करण्यासाठी पोलिसांची परवानगी लागते का, आणि लागत असेल तर ती कोणत्या कारणाने नाकारता येते?

आझाद मैदानाची अट आली कुठून?

मंत्रालय आणि विधान भवनामुळे राज्यभरातील मोर्चे दक्षिण मुंबईकडे येत. रस्ते बंद होत, कर्मचारी आणि रुग्ण अडकत. या त्रासाविरोधात नरिमन पॉइंट-चर्चगेट परिसरातील नागरिकांच्या संघटनेने १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात धाव घेतली. त्यानंतर दक्षिण मुंबईतील आंदोलने आझाद मैदानाच्या राखीव भागापुरती मर्यादित झाली. अंतिम नियम मात्र वर्षानुवर्षे रखडले. ते प्रसिद्ध करण्याचा आदेश न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये दिला आणि त्याच वर्षी जाहीर सभा, आंदोलने व मिरवणुकांबाबतचे नियम अस्तित्वात आले.

सध्याच्या अटी काय आहेत?

जरांगे-पाटील यांना सुरुवातीला दिलेल्या परवानगीतून या अटी स्पष्ट होतात. परवानगी एका दिवसाची, वेळ सकाळी ९ ते सायंकाळी ६, कमाल संख्या पाच हजार. प्रमुख आंदोलकांसोबत मैदानापर्यंत फक्त पाच वाहने. शनिवार, रविवार आणि सार्वजनिक सुट्टीच्या दिवशी आंदोलन नाही. विनापरवाना ध्वनिक्षेपक नाही, मैदानात स्वयंपाक नाही.

नोकरदार माणसाला सुट्टीच्या दिवशीच वेळ असतो. त्या दिवशी आंदोलनच करता येत नसेल, तर निषेधासाठी रजा टाकावी लागते. अट प्रशासनाच्या सोयीची असली तरी तिचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. रोजंदारीवरच्या माणसासाठी तो एका दिवसाच्या मजुरीइतका असतो.

पूर्वी मुंबईत आंदोलने कुठे होत?

जिथे लोक राहत आणि काम करत, तिथेच. लालबाग-परळच्या गिरण्यांच्या दारात पाळी सुटताना ‘गेट मीटिंग’ भरत. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी औद्योगिक कलह विधेयकाविरोधात मुंबईत संप झाला आणि परळच्या कामगार मैदानात मोठी सभा झाली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात एकत्र होते. ते विधेयक आणणारे बाळासाहेब खेर यांचे सरकार परकीय नव्हते, निवडून आलेले होते. संपावर निर्बंध म्हणजे कामगाराच्या स्वातंत्र्यावरच निर्बंध, ही आंबेडकरांची भूमिका होती. विधेयकाचा कायदा झाला, पण विरोध जाहीरपणे नोंदवला गेला.

२१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीसाठी विधिमंडळाकडे निघालेल्या आंदोलकांवर फ्लोरा फाउंटन येथे गोळीबार झाला. या लढ्यात शंभराहून अधिक जणांनी प्राण गमावले. तो चौक आज हुतात्मा चौक म्हणून ओळखला जातो. आझाद मैदानापासून तो हाकेच्या अंतरावर आहे. ज्या राज्याच्या जन्मामागे रस्त्यावरचे आंदोलन आहे, त्याच राज्याच्या राजधानीत आता मोर्चा मैदानावर अडवला जातो.

राज्यघटना काय सांगते?

अनुच्छेद १९(१)(ब) नागरिकांना शांततेने आणि विनाशस्त्र एकत्र येण्याचा मूलभूत हक्क देते. अनुच्छेद १९(३) नुसार देशाचे सार्वभौमत्व, एकात्मता आणि सार्वजनिक सुव्यवस्था यांसाठी ‘वाजवी’ निर्बंध घालता येतात. सगळा वाद या वाजवी शब्दाचा आहे.

याबाबतचा महत्त्वाचा निकाल आपल्याच पोलीस कायद्यावर झाला आहे. मुंबई पोलीस अधिनियम १९५१ गुजरातमध्येही लागू होता. त्याखालील नियमाचा आधार घेऊन अहमदाबाद पोलिसांनी एका सभेला परवानगी नाकारली. हिम्मतलाल शहा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९७२ मध्ये तो नियम रद्द केला. सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन सरकार करू शकते, पण कोणतेही निकष न ठरवता परवानगी नाकारण्याचा मनमानी अधिकार पोलिसांना देता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले. म्हणजे नियमन चालते, मर्जी चालत नाही.

मग जमावबंदी पुन:पुन्हा का लागते?

आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखल्या जाणाऱ्या याच कायद्याचे कलम ३७ त्यासाठी वापरले जाते. सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी जमाव किंवा मिरवणुकीवर बंदी घालण्याचा अधिकार त्यात आहे. राज्य सरकारच्या मंजुरीशिवाय ही बंदी पंधरा दिवसांपेक्षा जास्त ठेवता येत नाही. प्रत्यक्षात मुंबईत एक आदेश संपला की दुसरा निघतो, असे अनेकदा घडते. पाच किंवा अधिक जणांच्या जमावाला मनाई करणाऱ्या अशा आदेशातून लग्न, अंत्ययात्रा, गृहनिर्माण संस्थांच्या बैठका, चित्रपटगृहे यांना सूट असते. निदर्शनांना नसते.

याचा अर्थ असा की, लालबागच्या एखाद्या चाळीतील सहा रहिवासी पाण्याच्या तक्रारीसाठी फलक घेऊन परळच्या प्रभाग कार्यालयासमोर उभे राहिले, तरी आदेश लागू असताना तो कायदेभंग ठरू शकतो. गुन्हा दाखल होईलच असे नाही. पण करायचा की नाही, हे पोलीस ठरवतात.

याशिवाय बड्या नेत्यांच्या दौऱ्याआधी कार्यकर्त्यांना भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६८ खाली नोटीस येते. पूर्वी हीच ‘१४९ ची नोटीस’ होती. कलम १७० खाली प्रतिबंधात्मक अटकही होऊ शकते. दुसऱ्या कायद्याखाली गरज नसेल, तर या अटकेची मुदत २४ तास आहे. कार्यक्रम आटोपला की सुटका होते. खटला उभा राहत नाही, त्यामुळे कारण खरे होते का याची तपासणीही सहसा होत नाही.

परवानगी नाकारली तर न्यायालय काय म्हणते?

राज्यातील अलीकडची तीन प्रकरणे पाहण्यासारखी आहेत.

पहिले माजलगावचे. नागरिकत्व सुधारणा कायद्याविरोधातील धरण्याला बीड प्रशासनाच्या कलम ३७ खालील आदेशाचा आधार घेऊन परवानगी नाकारण्यात आली. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने फेब्रुवारी २०२० मध्ये तो आदेश रद्द केला. एका कायद्याला विरोध केला म्हणून कोणाला देशद्रोही म्हणता येणार नाही, असेही न्यायालयाने नमूद केले.

दुसरे दादरचे. २०२२ मध्ये शिवसेनेच्या दोन्ही गटांनी शिवाजी पार्कवर दसरा मेळाव्यासाठी अर्ज केले. कायदा-सुव्यवस्थेचे कारण देऊन महापालिकेने दोघांनाही नकार दिला. उच्च न्यायालयाने हा अधिकाराचा गैरवापर ठरवला आणि उद्धव ठाकरे गटाला अटींसह परवानगी दिली. गोंधळ होईल ही शक्यता पुरेशी नाही, तो रोखणे हे पोलिसांचे काम आहे, असा याचा अर्थ.

तिसरे आझाद मैदानाचेच. गाझातील हल्ल्यांच्या निषेधासाठी डाव्या पक्षांना परवानगी हवी होती. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली आणि देशातील प्रश्नांकडे पाहा, असेही सुनावले. नव्याने याचिका झाल्यावर पोलिसांनीच परवानगीची तयारी दाखवली आणि २० ऑगस्टला निदर्शने झाली. विषय तोच, मैदान तेच, फक्त निर्णय बदलला. नियम स्पष्ट असते तर न्यायालयाच्या दोन फेऱ्या घालाव्या लागल्या नसत्या.

नागरिकांच्या गैरसोयीचे काय?

हा प्रश्न खोटा नाही. आझाद मैदानाच्या आसपास कामा, जीटी आणि सेंट जॉर्ज ही रुग्णालये आहेत. सीएसएमटीवरून रोज लाखो प्रवासी जातात. शाहीन बाग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२० मध्ये, सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही आणि निदर्शने नेमून दिलेल्या जागी व्हावीत, असे म्हटले. जरांगे-पाटील यांच्या आंदोलनाआधी उच्च न्यायालयानेही परवानगीशिवाय आझाद मैदानात बसता येणार नाही, असे बजावले होते. अटींचा भंग होत असल्याचे दिसल्यावर १ सप्टेंबरला न्यायालयाने रस्ते मोकळे करण्यास सांगितले. २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटबाबतचा शासन निर्णय निघाला आणि उपोषण सुटले.

मात्र या घटनेतून दुसराही धडा निघतो. अटी पाळणाऱ्या छोट्या संघटनेकडे शासनाचे लक्ष जात नाही आणि अटी मोडणाऱ्या मोठ्या गर्दीपुढे निर्णय होतो, असा समज पसरला तर नियमांचा हेतूच हरवतो. दुसरीकडे, गणेशोत्सवात लालबागपासून गिरगाव चौपाटीपर्यंतची प्रचंड गर्दी हेच शहर आणि हेच पोलीस दरवर्षी सांभाळतात. गर्दीचे नियोजन अशक्य नाही, हे त्यातून दिसते.

दिल्लीत जंतर मंतर आणि बोट क्लबवरील सरसकट बंदी सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१८ मध्ये अमान्य केली. रहिवाशांचा त्रास खरा आहे, पण उपाय नियमनाचा हवा, बंदीचा नव्हे, हा त्यामागचा विचार होता.

इतर देशांत काय पद्धत आहे?

जर्मनीत खुल्या जागेतील निदर्शने जाहीर करण्याच्या ४८ तास आधी प्रशासनाला कळवावे लागते. ती सूचना असते, परवानगी नव्हे. सिंगापूरमध्ये विनापरवाना निदर्शनांसाठी हाँग लिम पार्क ही एकच जागा आहे. ब्रिटनने २०२२ आणि २०२३ मध्ये कायदे करून पोलिसांचे अधिकार वाढवले. पण ‘गंभीर अडथळा’ या शब्दाची व्याख्या सैल करणारे नियम तेथील अपील न्यायालयाने मे २०२५ मध्ये बेकायदा ठरवले.

भारताने १९७९ मध्ये नागरी व राजकीय हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार स्वीकारला. या करारावर देखरेख ठेवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीने २०२० मध्ये दोन गोष्टी स्पष्ट केल्या. अधिकाऱ्यांकडे परवानगी मागावी लागणे या हक्काच्या मूळ कल्पनेशी जुळत नाही. आणि निषेध ज्यांच्यासाठी आहे, त्यांना तो शक्यतो दिसला आणि ऐकू आला पाहिजे.

जनसुरक्षा विधेयकाचा याच्याशी संबंध काय?

महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक जुलै २०२५ मध्ये दोन्ही सभागृहांत मंजूर झाले. त्याचा रोख आंदोलनाच्या जागेवर नाही, संघटनांवर आहे. एखादी संघटना बेकायदा ठरवण्याचा अधिकार त्यातून सरकारला मिळतो आणि गुन्हे अजामीनपात्र आहेत. मूळ मसुद्यात प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करण्यास प्रोत्साहन देणे हेही ‘बेकायदा कृत्य’ होते. सत्याग्रहही यात बसेल, असा आक्षेप त्यावर घेतला गेला. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या आणि काही बदल झाले. हा कायदा केवळ नक्षलवादी कारवायांविरोधात आहे, आंदोलकांविरोधात नाही, अशी सरकारची भूमिका आहे.

आता कळीचे मुद्दे कोणते?

वाद आझाद मैदान असावे की नसावे, एवढाच नाही. अर्ज केल्यावर किती दिवसांत उत्तर मिळणार? नकार लेखी आणि कारणांसह मिळणार का? तो इतक्या आधी मिळणार का, की न्यायालयात जायला वेळ उरेल? आदल्या रात्री आलेला नकार कागदावर चुकीचा ठरला तरी आंदोलनाचा दिवस निघून गेलेला असतो. सत्ताधारी आणि विरोधक, मोठा समाज आणि छोटी संघटना यांना एकच मोजमाप लागणार का, हाही प्रश्न आहे.

तूर्तास आंदोलन करू इच्छिणाऱ्यांनी अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, नकाराचे कारण लेखी मागावे. गरज पडल्यास अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात दाद मागता येते. माजलगाव आणि शिवाजी पार्कच्या प्रकरणांत न्यायालयाला तपासता आले, कारण तिथे नकार कागदावर होता. तोंडी ‘नाही’ म्हटले गेले, तर त्याची छाननी करणे फार अवघड होते.