कोणतं चित्र पाहिलंत?

खोक्याच्या आत काय आहे ते न उघडता, ठोके देऊन येणाऱ्या आवाजावरून ताडायचं, ही अभियंत्यांची जुनी रीत. बर्कलीत मेंदूशास्त्रज्ञ जॅक गॅलंट यांच्या गटाने ती मेंदूला लावली आणि निष्कर्ष 2008 मध्ये ‘नेचर’मध्ये छापले. दोघांना एमआरआय यंत्रात झोपवून 1,750 छायाचित्रं दाखवली. दृष्टिकेंद्रातला प्रत्येक इवला भाग चित्रातल्या कुठल्या जागेला, किती तिरक्या रेषांना दाद देतो, याचं गणित बसवलं. मग 120 नवी चित्रं आली. मेंदूच्या नुसत्या नोंदींवरून एकाचं चित्र 92 टक्के, दुसऱ्याचं 72 टक्के वेळा बिनचूक ओळखलं. अंदाजपंचे एक टक्काही जमलं नसतं! मनकवडं यंत्र मात्र म्हणू नका. उत्तर त्या 120 मधूनच निवडायचं होतं.