सतरा क्रमांकाचा दुपदरी

विनिपेग शहर सोडून पूर्वेला निघालेला ट्रान्स-कॅनडा महामार्ग आधी सरळ, चौपदरी आणि दुभाजक असलेला आहे. दोन्ही बाजूंना सपाट शेतजमीन, आणि समोरचा ट्रक कित्येक किलोमीटरांवरून दिसतो. पुढे शेते विरळ होतात, झाडी दाटते, डांबराच्या कडेला खडक डोके वर काढू लागतात. फाल्कन लेकच्या पूर्वेला, मॅनिटोबा प्रांताच्या हद्दीपर्यंतचे शेवटचे सुमारे १६ किलोमीटर कित्येक दशके दुपदरीच राहिले. हद्द ओलांडली की महामार्गाचा क्रमांक बदलतो. मॅनिटोबातला १ क्रमांक ओंटारिओत १७ होतो. तिथून पहिले शहर केनोरा, सुमारे ५० किलोमीटरवर. पुढे ड्रायडेन, इग्नेस आणि केनोरापासून जवळजवळ ४९० किलोमीटरवर थंडर बे. या अंतरातल्या बहुतेक भागात जायला एक लेन आणि यायला एक लेन, मध्ये रंगवलेली पिवळी रेघ.

कॅनडाच्या पूर्व आणि पश्चिम भागांना देशाच्या हद्दीतून जोडणारा मुख्य रस्ता या सीमेवर हा एकच आहे. व्हँकुव्हरच्या बंदरात उतरलेला माल टोरांटोकडे आणि टोरांटोच्या कारखान्यांतला माल कॅल्गरीकडे रस्त्याने जायचा, तर एक तर तो इथून जातो किंवा अमेरिकेत शिरून मिनेसोटामार्गे वळसा घेतो. महाकाय देशाची रस्तेवाहतूक जंगलातल्या दोन लेनवर चालते आणि त्याच दोन लेनवर गावची शाळेची बस, मासेमारीच्या बोटी ओढणाऱ्या जीपगाड्या आणि लाकडाचे ओंडके भरलेले ट्रकही असतात. हा रस्ता अवघड आहे तो यामुळे. वळणे आणि चढउतार त्या मानाने सोपे आहेत.

कॅनडात महामार्ग हा प्रांतांचा विषय आहे. केंद्राने १९४९ मध्ये ट्रान्स-कॅनडा महामार्गाचा कायदा केला आणि खर्चाचा वाटा उचलला, पण रस्ता कुठून न्यायचा, किती रुंद करायचा, त्याला कोणता क्रमांक द्यायचा हे प्रांतांनी ठरवले. महामार्गाचे औपचारिक उद्घाटन १९६२ मध्ये ब्रिटिश कोलंबियातल्या रॉजर्स पास इथे पंतप्रधान जॉन डीफनबेकर यांनी केले. तेव्हाही काही तुकडे कच्चेच होते. सगळे काम पुरे व्हायला १९७१ उजाडले. प्रत्येक प्रांताने आपापल्या तिजोरीप्रमाणे आणि आपापल्या मतदारांप्रमाणे रस्ता रुंद केला. मॅनिटोबाचा मार्ग बराचसा सपाट मैदानातून जातो, तिथे चौपदरी करणे स्वस्त पडले. ओंटारिओची वस्ती आणि सत्ता दक्षिणेला, टोरांटोच्या भोवती एकवटलेली आहे. वायव्येच्या जंगलातला रस्ता यादीत सतत खाली राहिला.

ही हद्दसुद्धा भांडणातून ठरलेली आहे. १८८०च्या दशकात आजच्या केनोराचे नाव रॅट पोर्टेज होते आणि त्या गावावर मॅनिटोबा व ओंटारिओ दोघेही हक्क सांगत होते. दोन्ही प्रांतांचे पोलीस, दोन्ही प्रांतांचे न्यायाधिकारी एकाच गावात कारभार करत आणि एकमेकांच्या माणसांना अटकही करत. १८८४ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने ओंटारिओच्या बाजूने कौल दिला आणि १८८९ च्या कायद्याने सीमा पक्की झाली. व्यापार, दवाखाना, विमानतळ या सगळ्यांसाठी केनोराची माणसे मात्र आजही विनिपेगकडे जातात. तेच त्यांना जवळचे मोठे शहर, सुमारे २१० किलोमीटरवर. आपल्या प्रांताची राजधानी त्यांच्यापासून गाडीने दोन दिवसांच्या अंतरावर आहे.

रस्ता रुंद करायला खर्च का येतो हे खिडकीतून बाहेर पाहताच कळते. हद्दीच्या आसपास प्रेअरीचे मैदान संपून कॅनेडियन शील्ड सुरू होते. जगातल्या अतिप्राचीन खडकांपैकी हे खडक, काहींचे वय अडीच अब्ज वर्षांहून जास्त. हिमयुगातल्या हिमनद्यांनी वरची माती खरवडून नेली आणि उघडा ग्रॅनाइट, असंख्य तळी व त्यांच्यामध्ये दलदल एवढेच मागे ठेवले. इथल्या दलदलीला मस्केग म्हणतात. वर शेवाळ आणि खुरटी झाडे, खाली कित्येक मीटर कुजलेले, पाण्याने फुगलेले सेंद्रिय द्रव्य. त्यावर भराव टाकला तर तो वर्षानुवर्षे खचत राहतो. म्हणजे रस्ता करणाऱ्याला एका किलोमीटरात सुरुंग लावून खडक फोडायचा असतो आणि पुढच्याच किलोमीटरात तळ नसलेल्या चिखलात खडक ओतायचा असतो. १९३०च्या दशकात, महामंदीच्या काळात, बेरोजगारांच्या श्रमछावण्या उभारून या मार्गाचे बरेच काम झाले. त्या काळच्या आखणीने खडक टाळून तळ्यांच्या कडेकडेने वळणे घेतली आणि पुढच्या सुधारणांनंतरही रस्त्याचा नागमोडी स्वभाव पुष्कळसा कायम राहिला. दोन्ही बाजूंना फोडलेल्या गुलाबी-राखाडी ग्रॅनाइटच्या भिंती आणि त्यांच्यामधून अचानक उघडणारे निळे तळे, हे या मार्गाचे सौंदर्य आहे. भिंतींमुळे वळणापलीकडचे दिसत नाही, हा त्याचाच दुसरा भाग.

दुपदरी रस्त्यावर चालकाची खरी परीक्षा ओव्हरटेकला होते. भारतात शिकलेल्या चालकाला इथे आधी बाजूच उलटी करावी लागते, कारण कॅनडात वाहने उजवीकडून चालतात आणि ओव्हरटेक डावीकडून होतो. पिवळी रेघ समोरासमोरची वाहतूक वेगळी करते. ती आपल्या बाजूने तुटक असेल तर पुढे जायला वाव आहे. सलग असेल तर पुढचे पुरेसे दिसत नाही असा तो इशारा. आता हिशेब पाहावा. पुढचा ट्रेलर २३ मीटर लांब असून ताशी ८५ किलोमीटरने चालला आहे. मागची मोटार ताशी १०० ने त्याला मागे टाकू पाहते. दोघांच्या वेगातला फरक फक्त १५ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला चार मीटरहून किंचित जास्त. ट्रेलरची लांबी, मोटारीची लांबी आणि मागेपुढे सोडायचे सुरक्षित अंतर धरले तर सुमारे ९० मीटर जास्त कापायचे आहेत. त्याला वीसएक सेकंद लागतात. तेवढ्यात मोटार जवळजवळ ६०० मीटर पुढे जाते आणि समोरून ताशी ९० ने येणारे वाहन ५०० मीटरहून जास्त जवळ येते. एकूण १.१ किलोमीटरहून जास्त मोकळा, दिसणारा रस्ता हवा. खडकांच्या भिंतींतल्या वळणावळणाच्या मार्गावर तो क्वचितच मिळतो.

म्हणून ठराविक अंतरांवर ओव्हरटेकसाठी तिसरी लेन दिलेली असते. पुढची अशी लेन किती किलोमीटरवर आहे हे सांगणाऱ्या पाट्याही असतात आणि अनुभवी चालक त्या पाटीवर विश्वास ठेवून ट्रकच्या मागे शांत बसतो. अडचण अशी की मागे दहा मोटारींची रांग जमलेली असेल तर दीडदोन किलोमीटरच्या लेनमध्ये तीनचारच सुटतात. उरलेल्यांपैकी कुणाचा तरी धीर सुटतो आणि समोरासमोरची धडक बहुतेक त्याच क्षणातून जन्मते. ओंटारिओत अवजड ट्रकांना ताशी १०५ किलोमीटरचा वेगनियंत्रक बसवणे बंधनकारक आहे आणि या रस्त्यावर वेगमर्यादा सहसा ९० असते. मॅनिटोबाच्या चौपदरीवरून १०० ते ११० ने आलेल्या चालकाला ते रखडल्यासारखे वाटते. हद्दीनंतरच्या पहिल्या तासात घाई जास्त होते ती त्यामुळे. मर्यादेहून ५० किलोमीटर जास्त वेगाने सापडल्यास ओंटारिओ पोलीस जागच्या जागी गाडी १४ दिवसांसाठी जप्त करतात आणि परवाना ३० दिवसांसाठी काढून घेतात.

ट्रकचालकांच्या तयारीचा प्रश्नही याला जोडून येतो. या मार्गावरच्या ट्रकचालकांत पंजाबी मूळ असलेल्यांचे प्रमाण मोठे आहे आणि त्यांतल्या अनेकांनी पहिला हिमवर्षाव याच देशात पाहिलेला असतो. ओंटारिओने २०१७ मध्ये मोठ्या ट्रकच्या परवान्यासाठी १०३.५ तासांचे किमान प्रशिक्षण सक्तीचे केले. देशात असे करणारा तो पहिला प्रांत. ६ एप्रिल २०१८ रोजी सॅस्काचेवान प्रांतात हम्बोल्ट इथल्या हॉकी संघाची बस आणि एक ट्रक ग्रामीण रस्त्यांच्या चौकात धडकले आणि १६ जण गेले. त्यानंतर मॅनिटोबासह इतर प्रांतांनीही प्रशिक्षण सक्तीचे केले. तासांची संख्या प्रांतागणिक वेगळी आहे. पण वेगवेगळ्या प्रांतांत शिकलेले चालक शेवटी याच दोन लेनवर एकमेकांसमोर येतात, म्हणून प्रशिक्षणाचा दर्जा देशभर एकच असायला हवा.

अंधार पडला की दुसरे संकट रस्त्यावर येते. मूस हे हरणाच्या कुळातले सर्वांत मोठे जनावर. मोठ्या नराचे वजन ५०० किलोंच्या घरात जाते. त्याचे पाय इतके उंच असतात की मोटारीचा पुढचा भाग फक्त पायांना लागतो आणि सगळे धूड काचेवर आणि टपावर कोसळते. अंगाचा रंग गडद, आणि डोळे हेडलाइटच्या झोताच्या वर असल्यामुळे साध्या हरणासारखे ते सहसा चमकत नाहीत. ताशी ९० ने जाणारी मोटार कोरड्या रस्त्यावर थांबायला साधारण ८० मीटर घेते. डिपर लावलेल्या हेडलाइटमध्ये नीट दिसते ते त्याहून कमी. म्हणजे समोरून वाहन येत असताना दिव्यांच्या पल्ल्यापेक्षा जास्त वेगाने गाडी हाकली जाते. हे गणित बदलायचा एकच उपाय, वेग कमी करणे. वसंतात आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीला मूस रस्त्याकडेला येतात, कारण हिवाळ्यात टाकलेले मीठ विरघळून कडेच्या डबक्यांत साचलेले असते आणि जंगलातल्या चावऱ्या माश्यांपासूनही तिथे थोडी सुटका मिळते. सप्टेंबर-ऑक्टोबरच्या माजाच्या काळात नर बेभान हिंडतात. मूसचे चित्र आणि रात्रीच्या धोक्याचा इशारा असलेल्या मोठ्या पाट्या उत्तर ओंटारिओत जागोजागी आहेत.

हिवाळा इथे पाच-सहा महिने मुक्काम करतो. पारा उणे ३० पर्यंत उतरणे नवलाचे नाही. रस्त्यावर टाकलेल्या मिठाचा जोर उणे १० च्या खाली ओसरू लागतो आणि उणे १८ च्या सुमारास ते जवळजवळ निकामी होते. मग फक्त वाळू टाकतात. तिने बर्फ वितळत नाही, टायरला थोडी पकड मिळते एवढेच. सर्वांत फसवा तो डांबरावरचा पारदर्शक बर्फाचा थर, ज्याला ब्लॅक आइस म्हणतात. रस्ता नुसता ओलसर काळा दिसतो आणि चाके सुटतात. पूल खालून-वरून दोन्हीकडून थंड होत असल्यामुळे तिथे तो आधी धरतो. ओंटारिओत हिवाळी टायर सक्तीचे नाहीत, क्वेबेकमध्ये आहेत. उत्तर ओंटारिओत मात्र खिळे बसवलेले टायर ऑक्टोबर ते एप्रिल वापरायची मुभा आहे. रस्त्यावर निळे दिवे लुकलुकवत सावकाश जाणारा हिम बाजूला सारणारा प्लाऊ दिसला की त्याच्या मागेच राहायचे. त्याने उडवलेल्या पांढऱ्या धुराळ्यात समोरचे काहीही दिसत नाही आणि त्याचे पाते लेनच्या बाहेर आलेले असू शकते.

मोठे वादळ आले की पोलीस रस्ताच बंद करतात. गावांच्या वेशीवर त्यासाठी लोखंडी फाटके आहेत. मग ट्रकांच्या रांगा लागतात आणि छोट्या गावांतली हॉटेले भरून जातात. बंद रस्त्याला पर्याय कमी आहेत. केनोराच्या पूर्वेकडून ७१ क्रमांकाच्या रस्त्याने दक्षिणेला फोर्ट फ्रान्सिस आणि तिथून ११ क्रमांकाने थंडर बे गाठता येते, पण केनोरा ते मॅनिटोबा हद्द या पट्ट्यात तीही सोय नाही. थंडर बेच्या पूर्वेला तर सगळे रस्ते निपिगॉन नदीवरच्या एकाच पुलावर येतात. १० जानेवारी २०१६ रोजी थंडीत या नव्याकोऱ्या पुलाचा एक भाग सुमारे ६० सेंटिमीटर वर उचलला गेला आणि देशांतर्गत पूर्व-पश्चिम रस्तेवाहतूक काही काळ थांबली.

मोबाइलची रेंज दीर्घ अंतरांवर नसते, पेट्रोलपंप रात्री बंद होतात. हिवाळ्यात निघताना टाकी अर्ध्याखाली जाऊ न देणे, गाडीत घोंगड्या, मेणबत्ती, फावडे आणि खाणे ठेवणे ही इथली साधी शिस्त आहे. गाडी हिमात रुतलीच तर गाडीतच थांबायचे आणि इंजिन चालू करण्याआधी सायलेन्सरची नळी मोकळी आहे हे पाहायचे, कारण ती हिमाने बुजली तर विषारी वायू आत शिरतो. ओंटारिओत ५११ या सेवेवर रस्त्यांची स्थिती कळते.

हद्द ओलांडताना कुणी थांबवत नाही, पण नियम बदलतात. मॅनिटोबात वाहनविमा प्रांताच्या मालकीचा, ओंटारिओत खासगी कंपन्यांचा. वेगतपासणीचे रडार ओळखणारे यंत्र सॅस्काचेवान आणि आल्बर्टात चालते, मॅनिटोबा आणि ओंटारिओत बेकायदा आहे. घड्याळ मात्र हद्दीवर बदलत नाही. केनोरा आणि ड्रायडेन विनिपेगचीच वेळ पाळतात. पूर्वेला ९० अंश पश्चिम रेखांशाजवळ, इग्नेसच्या पुढे, घड्याळ एक तास पुढे करायची पाटी येते.

मॅनिटोबा-ओंटारिओच्या याच हद्दीवर शोल लेक ४० हा अनिशिनाबे या मूळनिवासी लोकांचा समाज राहतो. विनिपेग शहर १९१९ पासून शोल लेकचे पाणी पिते. त्या योजनेसाठी खोदलेल्या कालव्यामुळे ही वस्ती जवळजवळ बेट बनली आणि शतकभर तिला बारमाही रस्ता नव्हता. हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावरून ये-जा, आणि बर्फ वितळायच्या दिवसांत जीव धोक्यात. दुसऱ्यांना पाणी पाजणाऱ्या या वस्तीतले पाणी १९९७ पासून उकळूनच प्यावे लागत होते. २०१९ मध्ये २४ किलोमीटरचा ‘फ्रीडम रोड’ ट्रान्स-कॅनडापर्यंत पोचला, त्यावरून सामान आणून जलशुद्धीकरण केंद्र बांधता आले आणि २०२१ मध्ये पाणी उकळून पिण्याची सूचना उठली.

मॅनिटोबा हद्द ते केनोराचा वळणरस्ता हा सुमारे ४० किलोमीटरचा पट्टा चौपदरी करण्याच्या कामात हाच समाज आणि शेजारचे आणखी तीन अनिशिनाबे समाज ‘नीविन वेंडानिमोक’ या भागीदारीतून सहभागी आहेत. जमिनीची पाहणी, पवित्र जागा आणि औषधी वनस्पती सांभाळणे, स्थानिकांना यंत्रांवरचे काम शिकवणे हे त्यात येते. हद्दीपासूनच्या ६.५ किलोमीटरच्या पहिल्या टप्प्याचे काम २०२२ मध्ये सुरू झाले. पुढचे टप्पे रश बे रोडपर्यंत आणि तिथून केनोराच्या वळणरस्त्यापर्यंत आहेत. केनोराच्या पूर्वेला मात्र शेकडो किलोमीटर दुपदरीच राहणार आहेत. त्यांच्यासाठी मध्ये अडथळा घालून तिसरी लेन आलटून पालटून दोन्ही दिशांना देण्याची स्वीडनमध्ये रुळलेली पद्धत सुचवली जाते. ओंटारिओने तिच्या प्रयोगासाठी नॉर्थ बेच्या उत्तरेकडचा ११ क्रमांकाचा महामार्ग निवडला आहे.