घरगुती पाणी व ऊर्जा बचत

घरगुती पाणी व ऊर्जा बचत म्हणजे दैनंदिन गरजांना बाध न आणता घरातील पाणी, वीज आणि इंधन यांचा अपव्यय टाळण्याचे उपाय होत. वारंवार टंचाई अनुभवणाऱ्या प्रदेशांत या उपायांना विशेष महत्त्व आहे. महाराष्ट्राच्या धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील परंडा तालुका हा अशा प्रदेशांपैकी एक होय.

पार्श्वभूमी

परंडा तालुका जिल्ह्याच्या पश्चिम भागात, सोलापूर जिल्ह्याच्या सीमेलगत वसलेला असून तो सह्याद्रीच्या पर्जन्यछायेच्या प्रदेशात येतो. मराठवाड्याचा बराचसा भाग गोदावरीच्या खोऱ्यात मोडतो. परंडा परिसर मात्र भीमेची उपनदी असलेल्या सीना नदीच्या खोऱ्यात आहे. या नदीवर सीना-कोळेगाव धरण बांधण्यात आले आहे. येथील भूस्तर बेसाल्ट खडकाचा असल्याने भूजल मुख्यतः खडकातील भेगांत व झिजलेल्या थरांत साठते. परिणामी पाऊस कमी झाल्यास विहिरी व विंधनविहिरी उन्हाळ्यापूर्वीच आटू लागतात.

मराठवाड्याने १९७२, २०१२-१३ आणि २०१५-१६ या वर्षांत तीव्र दुष्काळ अनुभवला. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले.

पाणी आणि वीज यांचा संबंध

पाणी उपसण्यासाठी, शुद्ध करण्यासाठी व तापवण्यासाठी ऊर्जा लागते, तर औष्णिक वीजनिर्मितीसाठी पाणी लागते. बीड जिल्ह्यातील परळी औष्णिक विद्युत केंद्र २०१३ आणि २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले होते.

घरातही हा संबंध दिसतो. २० लिटर पाण्याचे तापमान २५ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ०.५८ युनिट वीज लागते. म्हणजेच स्नानासाठी अर्धी बादली गरम पाणी कमी वापरल्यास पाण्याबरोबर सुमारे ०.२९ युनिट विजेचीही बचत होते. टाकी भरून वाहत असताना १ अश्वशक्तीचा पंप अर्धा तास चालू राहिल्यास पाणी तर वाया जातेच, शिवाय जवळजवळ ०.४ युनिट वीज निष्कारण खर्च होते.

पाण्याची बचत

जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर पाणीपुरवठ्याचे मानक धरले आहे. या तुलनेत लहान गळतीही मोठी ठरते. गळक्या नळाखाली मापाचे भांडे ठेवून एका मिनिटात २० मिलिलिटर पाणी जमा झाले, तर दिवसाला सुमारे २९ लिटर, म्हणजे एका व्यक्तीच्या दैनिक गरजेच्या निम्म्याहून अधिक पाणी वाहून जाते. अशी गळती बहुधा नळातील वायसर बदलल्याने थांबते.

डाळ, तांदूळ व भाज्या धुतलेले पाणी झाडांना घालता येते. भांडी प्रथम राखेने किंवा चोथ्याने घासून नंतर पातेल्यातील पाण्यात विसळल्यास वाहत्या नळापेक्षा कमी पाणी लागते. न्हाणीचे सांडपाणी परसबागेतील केळी, अळू यांना देण्याची पद्धत ग्रामीण भागात पूर्वापार आहे. मात्र साबणाचे पाणी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पालेभाज्यांना देऊ नये. उरलेले सांडपाणी शोषखड्ड्यात सोडल्यास ते गटारीत न तुंबता जमिनीत मुरते. जलशुद्धीकरण यंत्रातून बाहेर पडणारे पाणी क्षारयुक्त असल्याने ते फरशी पुसण्यासाठी व शौचालयासाठी वापरणे योग्य ठरते.

साठवण व आरोग्य

मराठवाड्यातील अनेक गावांत व शहरांत नळाला दररोज पाणी येत नाही. त्यामुळे रांजण, पिंप, हौद यांत पाणी साठवले जाते आणि नवे पाणी आले की जुने ‘शिळे’ म्हणून ओतून दिले जाते. झाकून ठेवलेले स्वच्छ पाणी केवळ काही दिवस साठवल्यामुळे निरुपयोगी होत नाही. दुसरीकडे, उघड्या साठ्यात डेंग्यूचा प्रसार करणाऱ्या एडिस डासांची पैदास होते. यासाठी सर्व भांडी घट्ट झाकणे आणि आठवड्यातून एक ‘कोरडा दिवस’ पाळून ती घासून कोरडी करणे आवश्यक असते. त्या दिवशी तळाशी उरलेले पाणी कपडे व अंगण धुण्यासाठी वापरल्यास आरोग्य व बचत ही दोन्ही उद्दिष्टे साधतात.

पावसाचे पाणी

१ चौरस मीटर छतावर १ मिलिमीटर पाऊस पडला की १ लिटर पाणी मिळते. यानुसार ५० चौरस मीटर छतावर हंगामात ५०० मिलिमीटर पाऊस पडल्यास आणि त्यापैकी ८० टक्के पाणी गोळा झाल्यास २०,००० लिटर पाणी हाती येते. सुरुवातीच्या सरींबरोबर छतावरील धूळ येत असल्याने ते पाणी बाहेर सोडतात. त्यानंतरचे पाणी गाळून टाकीत साठवता येते किंवा विंधनविहिरीच्या पुनर्भरणासाठी वापरता येते. मातीच्या माळवदावरून येणारे पाणी गढूळ असल्याने पत्र्याचे किंवा सिमेंटचे छत या कामी अधिक उपयुक्त ठरते.

वीज व इंधनाची बचत

६० वॅटचा जुना दिवा रोज ५ तास लावल्यास महिन्याला ९ युनिट, तर जवळपास तेवढाच प्रकाश देणारा ९ वॅटचा एलईडी दिवा १.३५ युनिट वीज वापरतो. ७५ वॅटचा पंखा रोज १२ तास चालल्यास महिन्याला २७ युनिट लागतात. ३० वॅटच्या बीएलडीसी पंख्यास सुमारे ११ युनिट पुरतात. उपकरणे निवडताना ऊर्जा दक्षता ब्यूरोच्या तारांकनाचा उपयोग होतो. छताच्या पंख्यांसाठी हे तारांकन २०२३ पासून बंधनकारक आहे.

स्वयंपाकात डाळ व कडधान्ये आधी भिजवणे, प्रेशर कुकर वापरणे आणि भांड्यावर झाकण ठेवणे यांमुळे इंधन वाचते. वर्षातील बहुतेक काळ लख्ख ऊन असणाऱ्या या भागात सौर जलतापक उपयुक्त ठरतो. छतावरील सौर वीजसंचासाठी २०२४ पासून प्रधानमंत्री सूर्यघर योजनेतून अनुदान दिले जाते.

मर्यादा

पाण्याचा सर्वाधिक वापर शेतीसाठी होत असल्याने केवळ घरगुती बचतीने एखाद्या तालुक्याची टंचाई दूर होत नाही. त्यासाठी पीकपद्धती, ठिबक सिंचन व पाणलोट विकास यांचीही आवश्यकता असते. तथापि, टंचाईच्या काळात घरातील साठा किती दिवस पुरेल आणि दूरवरून पाणी आणण्याचे श्रम, जे बहुधा स्त्रिया व मुलांच्या वाट्याला येतात, किती कमी होतील, हे मोठ्या प्रमाणात या लहान उपायांवर अवलंबून असते.